मागे बसलेली

मोटारसायकल घसरून ठाकऱ्याची बायको दिवालीबाई गेली. दिवसकार्य उरकून तो विम्याचा कागद घेऊन शिरपूरला अन्वरकडे आला. पोलिसांनी अडवू नये एवढ्यापुरता तो विमा अन्वरनंच काढून दिला होता.

"भाऊ, हा थर्ड पार्टी विमा," अन्वर कागदाकडेच बघत म्हणाला. "रस्त्यानं पायी चालणाऱ्याला तुमच्या गाडीची धडक बसली, तर कायद्यानं त्याला भरपाई मिळते. मागे बसलेल्याला नाही."

मागे बसणाऱ्याचाही वेगळा विमा निघतो, हे त्यानं तेव्हा सांगितलं नव्हतं. आजही जीभ रेटेना.

ठाकऱ्यानं कागदाची हळूच घडी घातली.

"ती तर पायीच येत व्हती, अन्वरभाऊ. गाडीले घाबरे. मीच तिले हात धरीसन मांगे बसाडं."