वसतिगृहाचं पत्र

"मंगल तीन वर्षं आमच्याकडे राहिली. आईने तिला कधी परकं मानलं नाही," वृषाली माइकसमोर म्हणाली. "मला सख्खी बहीण नाही. ती मंगलच्या रूपाने मिळाली."

टाळ्या पडल्या. २००२ सालचा मार्च. जुन्नरच्या एका कॉलेजात टी.वाय.बी.ए.चा निरोप समारंभ चालला होता. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं होतं, इथे काय मिळालं आणि पुढे काय करणार. वृषाली पुण्याला बी.एड. करणार होती. आईची मोरपंखी रेशमी साडी सावरत ती पहिल्या बाकावर येऊन बसली.

पानसरे मॅडमनी यादीतलं पुढचं नाव वाचलं. "मंगल."

मंगल शेवटच्या बाकावरून उठली. पुढे आली नाही, माइकही घेतला नाही. तिचं गाव पार आंबेगावच्या डोंगरात. तिथून रोज येणं-जाणं शक्य नव्हतं.

"मी वृषालीच्या घरी राह्यले, हे खरंय," ती म्हणाली. दोघी एकाच वयाच्या होत्या, पण घरी मंगलला तिला वृषालीताई म्हणावं लागे. "तिच्या आजीला उठता येत न्हाई. साळुबाई त्यांचं नाव. त्यांची आंघोळ, खाणंपिणं, कपडे बदलणं, सगळं माझ्याकडं व्हतं. इतिहासाचा तास सकाळी सव्वासातचा. तीन वर्षांत मी त्या तासाला अकरा वेळा बसले. मॅडम, तुमी मला सगळ्यांसमोर आळशी म्हणला व्हता."

मॅडमनी यादीकडे पाहिलं.

"ए, बस की खाली," मधल्या बाकावरचा गोरख म्हणाला. "निरोपाचं काय बोलायचं ते बोल."

"त्येच बोलते."

तिने वहीतून एक पाकीट काढलं. एका बाजूने फाडलेलं, पिवळं पडलेलं. आतला कागद उलगडून तिने वाचून दाखवला. मुलींच्या सरकारी वसतिगृहात तिला जागा मिळाली होती. पंधरा दिवसांत हजर व्हावे, अन्यथा जागा दुसऱ्या विद्यार्थिनीस देण्यात येईल. खाली तारीख होती, पहिल्या वर्षाच्या ऑगस्टमधली.

"हे मला गेल्या रविवारी मिळालं. वृषालीच्या घरची रद्दी काढताना."

वृषाली वळून बसली होती. "आईनं ठेवलं असेल कुठेतरी. राहिलं असेल सांगायचं. मला काय माहीत?"

"पाकिटाच्या मागं तू इतिहासाचे प्रश्न उतरवलेत. चार प्रश्न. अक्षर तुझं हाय."

मंगलने पाकीट पुढच्या बाकावर दिलं. ते एकाकडून दुसऱ्याकडे सरकत गेलं. गोरखने उलटून पाहिलं आणि पुढे दिलं. शेवटी ते वृषालीच्या समोर आलं. तिने त्याला हात लावला नाही.

"मंगल," मॅडम म्हणाल्या, "हे घरातलं आहे. घरी बोला तुम्ही."

"ते घर माझं न्हाई, मॅडम."

"तीन वर्षं जेवलीस ना त्या घरात?" वृषाली उभी राहिली. माइकवरची भाषा गेली होती. "पुस्तकं कुणी घेऊन दिली? चपला कुणी घेतल्या? तू गेली असतीस तर म्हातारीचं कुणी केलं असतं? मी? कॉलेज सोडून मी तिचं अंग पुसत बसायचं व्हतं का?"

आपण काय बोललो हे तिला बोलून झाल्यावर कळलं. तिची मैत्रीण आरोही बाकावरच्या रेघोट्यांकडे बघू लागली.

"तुझी आजी हाय," मंगल म्हणाली.

"आजपासनं आमच्या दारात पाय ठेवायचा न्हाई."

"सकाळीच निघाले. पिशवी बाहेर पायरीवर हाय." मग ती मॅडमकडे वळली. "पुढं काय करणार, इचारलंत ना. परीक्षा व्हईस्तवर डिंगोऱ्याला मावशीकडं राहणार. ती टमाट्याच्या कामाला हाय तिथं. एसटीनं येऊन पेपर देणार. एवढंच ठरलंय."

वृषाली बसायला खाली वाकली आणि तशीच थांबली.

"सकाळी निघालीस? मग आजीपाशी कोण हाय?"

"कोण न्हाई. काकू, तुझी आई, साडेआठला कामावर गेल्या. मी निघते म्हणून सांगितलं त्यांना. त्या म्हणल्या, नाटकं करू नको."

"आन् तू तिला टाकून आलीस?"

मंगलने कागदाची घडी घातली. ती नीट बसेना. तिने पुन्हा उलगडून पुन्हा घातली.

"नऊ वाजता पेज भरवली. कूस बदलली. उशाला पाणी ठेवलं, पण त्यांना हात पुरत न्हाई." तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "त्यांना म्हणलं, मी चालले, आता वृषाली येईल. त्या म्हणल्या, कधी? मी काय सांगणार."

सगळ्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाबारा झाले होते.

वृषालीने आरोहीकडे पाहिलं. मग मॅडमकडे. तिने पर्स उचलली आणि ती वर्गाबाहेर पडली.

मॅडमनी पुढचं नाव वाचलं. कुणी उठलं नाही. सगळे खिडकीतून बघत होते. निऱ्या मुठीत धरून वृषाली मैदान ओलांडत होती. फाटकापर्यंत ती चालत गेली. मग पळू लागली.