देवमाशाकडे पाठ

बोट धक्क्यावरून सुटली तशी सगळ्यांनी समुद्राकडे तोंडं फिरवली. आई तेवढी पहिल्या बाकावर बसून मुलाची पाठ बघत राहिली.

पाठच, कारण तो तेवढीच दाखवत होता. बोटीच्या पुढच्या टोकाला, कठड्याला टेकून, दुर्बीण डोळ्यांना लावून उभा. पाण्यावर कुठे फवारा उडतोय का ते शोधायचं, हे त्याचं काम. नजर हलली की देवमासा निसटतो, असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे बोलायचं नाही, हे आलंच. चढताना सगळ्यांना दिला तसाच तिला हात दिला, तिच्या लाइफ जॅकेटचा पट्टा आवळला, "घट्ट होतोय का गं?" म्हणाला आणि उत्तर ऐकायच्या आत पुढच्या माणसाकडे वळला.

मान उन्हाने रापली होती. कॉलर विरली होती. केस कोण कापतं कोण जाणे, मागून उंदराने कुरतडल्यासारखे दिसत होते.

"पाण्याकडे बघ," वडील म्हणाले. "हंपबॅक म्हणतात यांना. थंड समुद्रातून येतात, कुठल्या कुठून. पिल्लं द्यायला." बेटावर आल्यापासून फोनवर वाचून वाचून त्यांनी देवमाशांत पदवी घेतली होती. "दरवर्षी येतात. न चुकता."

"त्यांना बरं जमतं," आई म्हणाली.

वडिलांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "कबूल केलंयस तू. घरी कधी येणार, हे त्याला विचारायचं नाही. मागे फोनवर विचारलंस, तर महिनाभर आवाज ऐकायला मिळाला नाही."

"विचारलं का मी?"

विचारलं नव्हतं खरं. इथे आल्यापासून प्रश्न नुसता तोंडात घोळवत होती. पण विचारायला तो जागा तर हवा. उजाडायच्या आत बोटीवर जायचा, संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत येऊन खुर्चीत बसायचा आणि बसल्या बसल्या झोपायचा. एकदा येऊन देवमासा बघा, म्हणजे मी इथे का रमलो ते कळेल, असं मात्र गेली कित्येक वर्षं सांगत आला होता. तो देवमासा आज बघायचा होता. उद्या परत निघायचं होतं.

बराच आत गेल्यावर कप्तानाने इंजिन बंद केलं. आपण देवमाशाच्या मागे लागायचं नाही, मुलगा माइकवर सांगत होता. एका जागी गप्प थांबायचं. त्याला वाटलं तर तो आपणहून जवळ येतो.

आईला हा नियम मुळीच पटला नाही.

सगळे थांबले. ऊन चढलं. कुणी जांभई दिली, कुणी बिस्किटाचा पुडा फोडला. मुलाची पाठ हलली नाही.

आणि देवमासा आला तो मागून. काहीतरी प्रचंड पाण्यातून वर उसळलं आणि असं आदळलं की बोट डुचमळली. अख्खी बोट मागच्या कठड्याकडे धावली. वडीलसुद्धा, गुडघे विसरून.

अशा वेळी मुलाचं काम बदलतं. देवमासा वर आला की त्याने देवमासा बघायचा नाही, माणसं बघायची. सगळे एका बाजूला लोटले तर बोट कलते, आणि फोटोच्या नादात एखादा पाण्यात जायचा. त्याने दुर्बीण खाली घेतली आणि वळला.

समोर रिकामे बाक आणि त्यांत एकटी आई.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला त्याचा चेहरा नीट दिसला, दिवसाउजेडी आणि जागा. डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या होत्या. हनुवटीवर एक वण होता, केव्हाचा ते माहीत नाही. फोनवर कधी दिसला नव्हता. कानाशी केस पांढरे होते. तिच्या पोराचे केस पिकायला लागले होते आणि तिला कुणी कळवलं नव्हतं.

"आई, मागे!" तो हात करून सांगत होता. "मागे बघ, मागे!"

"हो, हो," ती म्हणाली आणि त्याच्याकडेच बघत राहिली.

पाणी पुन्हा फुटलं. माणसं ओरडली. गार थेंब तिच्या मानेवर उडाले. मान वळवली की देवमासा दिसेल, हे तिला कळत होतं. पण परत फिरून बघेपर्यंत हा पाठमोरा झालेला असेल, हेही कळत होतं. तिने मान वळवली नाही.

परतताना वडील सगळ्यांना फोटो दाखवत होते. प्रत्येक फोटोत पाणी होतं आणि कुणाची तरी टोपी.

धक्क्यावर मुलाने तिला हात धरून उतरवलं. हात सोडला नाही.

"बघितला नाहीस ना?" तो रागावला होता, आणि रागावण्याहून जास्त हिरमुसला होता. "तुला दिसावा म्हणून कप्तानाच्या मागे लागून बोट एवढ्या आत न्यायला लावली मी."

"राहूनच गेलं बघ," ती म्हणाली. "घरी येशील ना, तेव्हा नीट सांग, कसा होता ते."

वडील खाकरले.

"मी कुठे काय विचारलं?" ती म्हणाली.

पुढच्या फेरीची माणसं रांगेत उभी होती. मुलाने तिचा हात सोडला, रांगेतल्या पहिल्या बाईला बोटीत चढवलं, तिचा पट्टा आवळला. मग मान खाली घालूनच म्हणाला, "सीझन संपला की इथे एकही देवमासा नसतो, आई."

आईने वडिलांकडे बघितलं. कबूल केलं होतं तिने.

"कधी संपतो सीझन?" वडिलांनी विचारलं.