बिघाड

"पट्टा बिघडलाय म्हणते सारखी," आईने मेकॅनिकला सांगितलं. लेकीला दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं; दारावरची बेल वाजली की तिच्या मनगटावरचा पट्टा थरथरायचा.

मेकॅनिकने तो उलटसुलट करून तपासला. "चांगला ठणठणीत आहे की! वापरायला कुणी शिकवलं हिला?"

"हिच्या बाबांनी. ते बाहेरून बेल दाबायचे आणि ही दार उघडून त्यांच्या मिशा ओढायची."

मेकॅनिकने पट्टा पुन्हा तिच्या मनगटावर बांधला आणि बाहेर जाऊन बेल दाबली. पोर हसत, भिंतीच्या आधाराने धावत आली. दार उघडून तिने त्याचा चेहरा चाचपला. मग मागे वळून आईच्या तळहातावर बोटाने काहीतरी लिहिलं.

"काय म्हणतेय?"

"तेच. पट्टा बिघडलाय. थरथरतो, पण बाबा येत नाहीत."