दोन निळ्या नळ्या

सासूबाई डबा घेऊन प्रयोगशाळेत आल्या तेव्हा सून टेबलाशी बसून दोन काचेच्या नळ्यांकडे टक लावून बघत होती. दोन्हींत तळाशी तपकिरी गाळ आणि वर निळं पाणी. सासूबाईंनी शाल नाकावर घट्ट धरली होती. साऱ्या शहराचं सांडपाणी जिथे येतं तिथे सून नोकरीला आहे, हे त्या नातेवाइकांत ‘पाणी खात्यात असते’ एवढ्यावर आटोपत.

“पहाटेची उपाशी निघालीस. घर आहे का नाही?”

“आई, टाकी मेली म्हणतायत.”

टाकी कशी मरते, ते सासूबाईंना कळेना. सुनेनं नळ्यांवरची नजर न काढता सांगितलं. बाहेरच्या मोठ्या टाकीतल्या गाळात कोट्यवधी जिवाणू असतात. ते घाण खातात, म्हणून पुढे नदीत स्वच्छ पाणी जातं. रात्री कुणीतरी गटारात कसलंसं रसायन ओतलं आणि सकाळी गाळ फिका पडला. साहेबांनी टाकी उपसायला टँकर बोलावले होते. नवा गाळ तयार व्हायला कित्येक महिने. तोवर सगळी घाण नदीत, खालच्या गावांच्या पिण्याच्या पाण्यात.

“आणि हे निळं काय?”

“रंग टाकलाय. जिवाणू जिवंत असले, त्यांचा श्वास चालू असला, की निळ्याचा गुलाबी होतो. या नळीत टाकीतला गाळ आहे. त्या दुसरीत तोच, पण उकळून मारलेला. ती निळीच राहणार. ही बदलली, तर टाकी जिवंत.”

“निळ्याचा गुलाबी,” सासूबाई हळूच म्हणाल्या. त्यांची हयात प्रसूतिगृहात बाळंतपणं करण्यात गेली होती. शाल नाकावरून खाली घसरली, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

साहेब दारात डोकावले. मेलेल्या टाकीतून नदीत घाण गेली तर पहिली मान त्यांचीच अडकणार होती.

“मॅडम, पाइप जोडतायत. जोडून झाले की उपसा सुरू.”

“रंग येऊ दे ना, साहेब.”

“सकाळपासून निळाच आहे तो. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय.” ते निघून गेले.

सासूबाईंनी बोटानं एका नळीला स्पर्श केला. “अगं, ही तर गारठलीय.”

“आई, हात नका लावू, त्यात...”

नळी सासूबाईंच्या मुठीत गेलीसुद्धा. “थंडीनं निळं पडलेलं असं उघड्यावर ठेवून नुसतं बघत बसतात होय?”

सुनेनं टेबलाला हात लावून पाहिला. बाहेर टाकीचं पाणी चांगलं कोमट होतं. नळ्या मात्र सकाळपासून या गार दगडी टेबलावर होत्या, आणि एवढी शिकलेली ती त्यांच्यासमोर नुसती काळजी करत बसली होती.

“मग दुसरीही घ्या,” ती म्हणाली. “दोघींना सारखी ऊब हवी, नाहीतर साहेब मानायचे नाहीत. आणि हलवू नका.”

“मला शिकवतेस?”

सासूबाईंनी झाकणं चाचपली, डाव्या काखेत एक नळी धरली, उजव्या काखेत दुसरी, आणि शाल गुंडाळून खुर्चीत बसल्या. कामावरून आलेल्या सुनेला आंघोळीशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू न देणारी ही बाई शहराचं सांडपाणी काखेत धरून बसली होती. सुनेला हसू यायला हवं होतं. तिनं मात्र आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढून घेतली.

“बघू का जरा?” तिनं थोड्या वेळानं विचारलं.

“सारखं बघायचं नसतं. थांबायचं असतं.”

बाहेर लोखंडावर लोखंड आपटत होतं. मग ते थांबलं. साहेब हेल्मेट हातात घेऊन दारात उभे राहिले.

“झालं, मॅडम.”

सासूबाईंनी शाल बाजूला केली. उजव्या हातातली नळी होती तशीच निळी. डाव्या हातातली वरच्या टोकाला अजून जांभळी होती आणि खाली, गाळाला लागून, गुलाबी. तिघंही बघत असताना ते गुलाबी वर चढत गेलं. विष पिऊन, उपाशी, गारठ्यात ते जीव तग धरून होते. एकही डोळ्याला दिसत नव्हता, आणि सगळ्यांचा श्वास समोर दिसत होता. सुनेच्या अंगावर काटा आला. आयुष्यात इतकं मोठं काही आपण पाहिलेलं नाही, असं तिला वाटलं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग ते बाहेर गेले आणि त्यांचा आवाज ऐकू आला, “पाइप काढा रे. टाकी चालू आहे.”

सुनेचा जीव भांड्यात पडला आणि डोळे वाहू लागले.

सासूबाईंनी निळी नळी हळूच टेबलावर आडवी ठेवली आणि डब्यावरचा रुमाल सोडवून तिच्यावर पांघरला. गुलाबी नळी दोन्ही तळव्यांत धरून त्यांनी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“रडतेस काय,” त्या म्हणाल्या. “आधी वेळ लिही.”