नाडी नव्वदच्या आत

टायफॉइडमधून उठलेल्या बसड्रायव्हर हणमंत भोपळ्यांना डॉक्टर सोनटक्क्यांनी फिटनेस सर्टिफिकेट दिलं. आठ सेकंदांनी दवाखान्याच्या रेकॉर्डवर असं ठरलं की ते दिलंच नव्हतं.

सर्टिफिकेट हल्ली मनगटाच्या कातडीवर उमटायचं. आजारी माणूस चुकून कामावर जाऊ नये म्हणून नाडी नव्वदच्या वर गेली की ते आपोआप पुसलं जायचं.

"भोपळे, परत आनंद झाला ना तुम्हाला?" डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"थोडासाच झाला, मॅडम."

"सकाळपासून पाचव्यांदा. एका पेशंटला दिवसात सहाच वेळा देता येतं, बाहेर पाटी आहे."

"पाचच्या आत डेपोत दाखवलं नाही तर नोकरी जातीय."

"मग आनंद कसला करताय? काहीतरी वाईट आठवा."

"नोकरीच आठवतोय. त्यानं तर नाडी एकशेदहावर जातीय."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला आणि सहावं सर्टिफिकेट देण्याआधी आरोग्य खात्याला अर्ज लिहायला घेतला: "सदर रुग्णास सर्टिफिकेट दिल्याचे रुग्णास कळू न देता, ते त्याने स्वतः पाच वाजण्यापूर्वी डेपोत दाखवावे, यास मंजुरी मिळावी, ही विनंती."