आयता उंबरठा

"रांगोळी कुठाय?" तृप्तीने दात आवळून विचारलं.

मयूरने मान वाकवून खाली पाहिलं. डोळ्यांवर चढवलेल्या त्या डबड्यासारख्या चष्म्यात त्यालाही तेच दिसत होतं. संगमरवरी पायऱ्या, सागवानी दार, कधी न वाळणारी तुळस. फक्त उंबरठ्यापुढची जागा कोरी. नुसतं शेणाने सारवलेलं अंगण.

नवराबायकोने कॉम्प्युटरवर रचलेला हा नमुन्याचा बंगला नाशकात कुठेच नव्हता. त्याला पाणीपट्टी नव्हती, त्यात पाणीही नव्हतं. गंगापूर रोडवरच्या त्यांच्या ऑफिसात चष्मा लावायचा आणि हवेत हात हलवत त्यात फिरायचं. गिऱ्हाईक मात्र उंबरठ्याशी हमखास थबकायचं. तिथे रोज नवी रांगोळी असायची, अगदी खरी. "आमची आर्टिस्ट आहे," तृप्ती सांगायची.

आर्टिस्ट म्हणजे तिची धाकटी जाऊ, नामपूरची वेदिका. आपली रांगोळी नाशकात कुणाच्या दारात पडते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काय त्यात?

दोन वर्षांपूर्वी मयूरने गावच्या घराला कॅमेरा लावला. आईवर लक्ष राहील, मग सारखं जायला नको. पुढे त्याच कॅमेऱ्याचं नेटवर येणारं चित्र त्याने या बंगल्याच्या दारात चिकटवलं. सोपं काम. चित्रात त्याची आई, अक्काबाई, यायची, ओट्यावर लसूण सोलत बसलेली. संगमरवराशेजारी ती बरी दिसत नाही, असं तृप्तीचं मत पडलं. मयूरने ती कड कापून टाकली. रांगोळी तेवढी राहिली.

काल तृप्तीने जावेला फोन केला होता. "उद्या मोठा मोर काढ."

"ताई, आईंनी कालपासून काही घेतलं नाही."

"म्हातारी माणसं नखरे करतातच गं. मोर विसरू नकोस."

आणि आज सकाळी जावेचे फोनवर फोन. "रंग विचारत असेल, गावंढळ," म्हणत तृप्तीने एकही उचलला नाही. मयूरला आलेलेही तिनेच कापले, आणि दोघांचे मोबाइल बंद करून ड्रॉवरमध्ये टाकले. बिल्डर शेखरशेठ यायचे होते. त्यांच्या अख्ख्या स्कीमचे असे बंगले करायचं काम मिळालं तर ऑफिस तरणार होतं. नाही मिळालं तर कुलूप.

शेखरशेठ आले ते आपल्या आईला, वत्सलाबाईंना, घेऊनच. त्यांनीही हौसेने चष्मा चढवला.

"अगंबाई! पायऱ्या चढायला गुडघे नाही दुखत इथे," त्या म्हणाल्या.

उंबरठ्यापुढे आता चपलांचा जोड दिसला. मग आणखी चार. मग चपलाच चपला.

"गाव गोळा केलंय हिने," तृप्ती मयूरच्या कानाशी फणफणली. "मुद्दाम. जळते मेली." मग आवाजात साखर घालून म्हणाली, "हे लाइव्ह आहे हं, शेठ. अस्सल गावाकडचा फील. चपलांसकट!"

शेखरशेठ हसले. "आयडिया चांगली आहे. पण रांगोळी म्हणाला होतात ना?"

"येईलच. आमची आर्टिस्ट जरा मूडी आहे."

कुणाच्या तरी हातांनी चपला बाजूला सारल्या. त्या जागेवर दोन हिरवे बांबू ठेवले. आडव्या कामट्या टाकल्या. सुतळीचा बिंडा सुटू लागला.

वत्सलाबाईंनी पायातल्या चपला काढल्या, खऱ्या. चष्म्यातल्या घरात तशी सोय नव्हती. मग हात जोडले.

"पोरी, ही तिरडी बांधतायत. कुणाचं दार आहे हे?"

"असंच हो, नेटवरून घेतलंय," तृप्ती घाईघाईने म्हणाली. "असेल कुणाचं तरी."

मयूरने चष्मा काढला.

"माझं," तो म्हणाला.