अंगठीचा प्रसंग

पडद्यावर त्याची विजार तिसऱ्यांदा घसरली आणि सगळं थिएटर खदखदून हसलं. खुर्चीत बसून स्वतःचाच मूकपट बघणाऱ्या नटाने मात्र अंग चोरलं. शेजारी त्याची होणारी बायको, तिच्या पलीकडे होणाऱ्या सासूबाई. असल्या माकडचेष्टा बघून कोण आपली मुलगी देईल?

आधीच बाई कडक. पहिल्या भेटीत त्यांनी त्याला दिव्यासमोर बसवलं होतं आणि तो बोलत असताना सगळा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या होत्या. आपला किडका दात दिसला असणार, अशी त्याची खात्री झाली, तेव्हापासून तो ओठ मिटूनच हसायचा. निघताना त्याने पाठीमागून "येतो" म्हटलं, तर त्यांनी वळूनही पाहिलं नव्हतं.

पडद्याखाली साथीला बसलेल्या पियानोवाल्याने धाडकन सूर बदलला. अर्धे प्रेक्षक दचकले. सासूबाई ढिम्म.

लग्नाचा प्रसंग आला. पडद्यावरचा तो नायिकेच्या बोटात अंगठी घालत होता, डोळ्यांत जीव आणून काहीतरी बोलत होता. मागे कुणीतरी हुंदका दिला. नटाचे कान तापले.

चित्रीकरणाच्या वेळी दिग्दर्शक म्हणाला होता, "काहीही बोल रे, चेहरा तेवढा प्रेमाचा ठेव." नायिकेने हळूच विचारलं होतं, "तुझी ती कशी आहे?" आणि तिच्यापुढे भाव खायला तो म्हणाला होता, "दिसायला यथातथाच. पण बावळट आहे, जन्मभर पायाशी बसून राहील." हसू दाबता दाबता नायिकेच्या डोळ्यांत पाणी आलं आणि प्रसंग झकास वठला.

आता शेजारी त्याची होणारी बायको खरोखरच डोळे पुसत होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना. नशीब, मूकपटाला आवाज नसतो. पुन्हा तिच्याबद्दल वावगा शब्द काढायचा नाही, असं त्याने मनाशी ठरवलं.

दिवे लागले. तिने त्याचा हात धरला.

"रागावू नका हं. एक गोष्ट लपवली होती तुमच्यापासून. आईला ऐकू येत नाही. लोक कीव करतात म्हणून ती कुणाला सांगू देत नाही. ओठ बघून कळतं तिला सगळं. आज सकाळी तीच म्हणाली, आता घरचाच माणूस, सांगून टाक."

सासूबाई त्याच्या तोंडाकडेच बघत होत्या.

"अंगठी घालताना काय म्हणालात, ते हिला तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं तर हिला खरं वाटायचं नाही."